ओके कुणी दाबलं?

आमच्या गणपती मंडळाच्या कमानीवरचा बाप्पाचा लोगो किती धूसर आलाय ते अख्ख्या पेठेने बघितलंय, त्यामुळे त्याचं वर्णन करत बसत नाही. तो लावणारा दत्त्या कट्ट्यावर आला तोच पडलेल्या चेहऱ्याने.

"बोला," म्हणाला, "एकदाचं बोलून टाका."

बंड्याला तेवढंच पाहिजे होतं. "लांबून मला वाटलं, यंदा महाबळेश्वरचा देखावा आहे. एवढं धुकं!"

"अरे पण लोगो वेक्टर होता! डिझायनरने पीडीएफ दिलेली. वेक्टर कितीही ताणा, फाटत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

यावर परागने लॅपटॉपची बॅग मांडीवरून काढून बाजूला ठेवली. त्याने बॅग खाली ठेवली की समजायचं, आता व्याख्यान. कसलासा 'लीड' झाल्यापासून त्याच्या प्रत्येक मताला तत्त्व म्हणतात. "पहिली चूक तिथेच झाली. वेक्टर फाइल फोटोशॉपमध्ये उघडायचीच नसते. प्रिन्सिपल आहे ते. वेक्टर म्हणजे ठिपके नव्हेत, रेघा-वळणांचं शुद्ध गणित. पिअर बेझिए नावाचा इंजिनिअर होता, रेनो कंपनीत. गाडीच्या बॉडीची वळणं काढण्यासाठी त्याने..."

"आणि त्याच्या आधी सिट्रोएनमध्ये द कास्तेल्जोने तेच केलं होतं. कंपनीने बाहेर बोलू दिलं नाही म्हणून नाव बेझिएचं झालं," बंड्या म्हणाला. "पुढे?"

परागला पुढे काही सुचलं नाही. काकांनी मध्ये चहा आणून ठेवला.

शुभी इतका वेळ गप्प होती. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रेसमध्ये ती कॉलेज संपल्यापासून डीटीपी करते, कोरल नाइन या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जमान्यापासून. (माझ्या लग्नाची पत्रिका तिने फुकट करून दिली होती. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.)

"दत्त्या, फाइल उघडताना एक चौकोन आला असेल ना?"

"आला की."

"काय होतं त्यात?"

"ओके होतं."

"ओकेच्या वर, माणसा!"

वर काय असतं ते मग तिनेच सांगितलं. रुंदी, उंची, रिझोल्यूशन (म्हणजे इंचाला किती ठिपके), कलर मोड. फोटोशॉपला वेक्टरमधलं गणित जसंच्या तसं ठेवून उघडता येत नाही, त्याला ठिपकेच लागतात. म्हणून उघडतानाच ते विचारून घेतं, किती ठिपके करू? आपण ओके म्हटलं की त्या क्षणी गणित संपलं. नंतर हातात उरतो तो साधा फोटो, मग फाइलचं नाव काहीही असो.

"डिझायनरचा लोगो कागदावर केवढा होता?"

"व्हिजिटिंग कार्डासाठी केलेला. इंचभर."

"आणि रिझोल्यूशन?"

"७२ दिसत होतं. आधी कशासाठी तरी ठेवलेलं, तेच राहिलं असेल."

"म्हणजे रुंदीला ७२ ठिपके. कमानीवर केवढा केलास?"

"सहा फूट."

"सहा फूट म्हणजे ७२ इंच. ७२ ठिपके, ७२ इंच. एकेक ठिपका एकेक इंचाचा झाला. बाप्पाच्या डोळ्याच्या वाट्याला किती आले?"

"दीड," बंड्या म्हणाला.

"मधली जागा फोटोशॉपने आपल्या मनाने भरली. तेच तुमचं महाबळेश्वर."

दत्त्याने शेवटचा प्रयत्न केला. "पण मी लोगो मोठा करायला कंट्रोल टी करून ओढताना शिफ्ट दाबून ठेवलेलं. प्रमाण बिघडू नये म्हणून!"

शुभीने कपाळाला हात लावला. "फोटोशॉप सीसी २०१९ पासून शिफ्टचं काम उलटं झालंय रे. आता नुसतं ओढलं तर प्रमाण राहतं आणि शिफ्ट दाबलं की बिघडतं. तरीच म्हटलं सोंड अशी का दिसतेय!"

इथे दोन मिनिटं कोणालाच बोलता येईना. अध्यक्षांनी म्हणे यंदाची मूर्तीच जरा रुंद घडवलीय असं दोघातिघांना सांगितलंसुद्धा होतं.

पराग मात्र हसत नव्हता. "मी तेच म्हणतोय. उघडायचीच नाही. वेक्टर शेवटपर्यंत वेक्टर राहिलं पाहिजे."

"शेवट म्हणजे कुठे?" शुभी म्हणाली. "तुझं वेक्टर मशीनच्या तोंडापर्यंत वेक्टर. तिथे आरआयपी नावाचं सॉफ्टवेअर बसलेलं असतं, ते सगळ्याचे ठिपकेच करतं. मशीन शाई थेंबानेच उडवणार ना? ठिपके होणारच आहेत. ते कोण करणार, कधी आणि किती, एवढंच आपल्या हातात आहे. दत्त्याने ते चहा पिता पिता फोटोशॉपवर सोडून दिलं."

"ठीक आहे, मग सरसकट ३०० डीपीआय, इंचाला ३०० ठिपके ठेवायचे. विषय संपला."

"कमान केवढी आहे?"

"२० बाय १०," दत्त्या म्हणाला.

शुभीने परागचाच फोन घेतला आणि त्यातला कॅल्क्युलेटर उघडला. "फुटांचे इंच, २४० बाय १२०. गुणिले ३००. ७२,००० बाय ३६,००० पिक्सेल, म्हणजे ठिपके. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एका पिक्सेलला ४ बाइट. १० जीबीच्या वर जातं, तेही एका लेयरला. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलच्या पुढे सेव्हच होत नाही, मोठ्या फाइलींसाठीची पीएसबी करावी लागते. तेच ७२ वर ठेव, १७,२८० बाय ८,६४०, म्हणजे ६०० एमबीच्या आसपास. रस्त्यातून मान वर करून बघायच्या कमानीला ते भरपूर झालं. का तू शिडी लावून बघणार आहेस?"

म्हणजे ७२ हा आकडा मुळात वाईट नव्हता, असं मी मध्येच म्हणालो. शुभी म्हणाली, "आकडा बिचारा बरोबरच होता. इंच चुकीचा होता." दत्त्याने त्याच चौकोनात रुंदी सहा फूट घातली असती तर त्याच ७२ वर लोगोला रुंदीत ५,१८४ ठिपके मिळाले असते, आणि आज आपण क्रिकेटवर बोलत बसलो असतो.

त्याहून सोपा मार्ग तिने सांगितला तो हा. आधी कमानीच्या मापाचा कॅनव्हास उघड. लोगोची फाइल 'ओपन' करू नकोस, फाइल मेनूतून 'प्लेस' कर. ती स्मार्ट ऑब्जेक्ट होऊन येते, मूळ वेक्टर तिच्या पोटात शाबूत राहतं. मग लहान कर, मोठी कर, दर वेळी ठिपके नव्याने काढले जातात. "फक्त रास्टराइज लेयर, म्हणजे ठिपके करून टाक, असं कुठे दिसलं तर तिथे हात लावू नकोस. तुझा हात मला माहितेय."

बंड्या इतका वेळ दबा धरून होता. "आमच्या गिंपमध्ये..."

"आलं!" तिघे एकदम.

बंड्या फुकट सॉफ्टवेअरवाला. त्यामागे विचारधारा आहे असं तो सांगतो. रायगडच्या ट्रिपची वर्गणी त्याने अजून दिलेली नाही, त्यामुळे कट्ट्याचं मत वेगळं आहे.

"हसा. गिंपमध्ये एसव्हीजी ही वेक्टर फाइल उघडली की तोच चौकोन येतो, वर पाथ, म्हणजे मूळ रेघा, पण आत घेऊ का म्हणून विचारतो. गंमत मापाची आहे. इंकस्केप हे आमचं फुकटातलं वेक्टर सॉफ्टवेअर आधी एका इंचाला ९० पिक्सेल धरायचं, २०१७ मधल्या ०.९२ पासून ९६ धरायला लागलं. तुमचं विकतचं इलस्ट्रेटर धरतं ७२. त्यामुळे एकच फाइल तीन ठिकाणी तीन मापांची दिसू शकते. माझं एक स्टिकर असंच छोटं आलं होतं."

"छोटं आलं की स्वस्त पडलं?" शुभीने विचारलं. बंड्या चहाकडे वळला.

परागला अजून हार मान्य नव्हती. "मुळात क्लाएंटने नीट वेक्टर फाइल दिली तर..."

"तू दिली होतीस ना, लग्नाच्या वेळी?"

हे कधीतरी निघणार होतंच. परागने स्वतःची पत्रिका स्वतः डिझाइन केली होती, तत्त्वाने. फाइल पाठवली ती अक्षरं कर्व्ह न करता, म्हणजे त्यांच्या रेघा न करता फॉन्टच्या भरवशावर. प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नाही, जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी धड जोडता येईना, आणि 'चि.'ची वेलांटी च सोडून पलीकडे जाऊन उभी राहिली. शुभीने प्रूफ पाठवलं, परागने मोबाइलवर बघून अंगठा दाखवला. गठ्ठा हातात आल्यावर आरडाओरडा केला तो प्रेसच्या नावाने.

"ते तुझ्या सॉफ्टवेअरचं..."

"अंगठा कुणाचा होता?"

"तोही ओकेच झाला की," दत्त्या म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"आणि वेक्टर वेक्टर करतोस," शुभी आता थांबणार नव्हती, "अर्ध्या लोकांच्या पीडीएफच्या पोटात व्हॉट्सॲपवरून आलेली जेपीजीच असते. कोरलमध्ये आणून ती पीडीएफ म्हणून बाहेर काढली की झालं यांचं वेक्टर! मी आधी वायरफ्रेम लावते, त्यात रंग जाऊन नुसत्या रेघा उरतात. रेघा दिसल्या तर खरं. रेघांऐवजी फोटोच दिसला की फोन लावते, साहेब, मूळ फाइल कुणाकडे आहे? मूळ फाइल ज्याच्याकडे असते तो नेमका गावाला गेलेला असतो."

तेवढ्यात दत्त्याचा फोन वाजला. अध्यक्ष. दत्त्या उठून उभा राहिला, हो हो म्हणाला, नाही नाही म्हणाला आणि फोन ठेवून आमच्याकडे बघतच राहिला.

"शिव्या?"

"नाही रे. खूश आहेत. त्यांचा फोटो एकदम स्वच्छ आलाय म्हणे. लोगोचं त्यांनी विचारलंही नाही."

"मग तोंड असं का?"

"त्यांना कुणीतरी सांगितलंय की वेक्टर कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. पुढच्या वर्षी त्यांचा फोटो वेक्टरमध्ये करून पाहिजे. चाळीस फुटी."

सगळ्यांनी शुभीकडे बघितलं. तिने शांतपणे चहा संपवला. "देते की करून. कोरलमध्ये ट्रेस मारायचा, म्हणजे फोटोवरून रेघा काढून घ्यायच्या, सहा रंग ठेवायचे. मिशी एका तुकड्यात येईल, टक्कल दुसऱ्या. कडा मात्र चाळीस फुटांवरसुद्धा अशा धारदार येतील की विचारू नका."

"आणि चेहरा?" परागने विचारलं, अगदी गंभीरपणे.

"चेहरा मूळ फाइलमध्ये तरी कुठेय?"

यानंतर जे हसणं सुरू झालं त्यात चहाचे पैसे द्यायचे राहून गेले. काकांनी ते बंड्याच्या नावावर मांडले.