दुसऱ्या भेटीचा खर्च

संशोधनाच्या निधीविषयी महाराष्ट्रात चालणारी जी चर्चा मी जर्मनीहून वाचते आणि सुटीत घरी आल्यावर ऐकते, तिची दोन टोके ठरून गेली आहेत. एका टोकाला मोठे आकडे असतात. २०२३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये जमवायचे आहेत, त्यांतले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यावेत अशी अपेक्षा आहे आणि देशाचा संशोधनावरील खर्च मात्र सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांवर अडकला आहे. दुसऱ्या टोकाला प्राध्यापकांच्या परदेशवाऱ्यांविषयीचा जुना संशय असतो; सरकारी पैशाने युरोप पाहून येतात आणि परत आल्यावर चार पानांचा अहवाल लिहितात, असे लोक म्हणतात आणि काहींच्या बाबतीत ते खरेही असते. या दोन्हींच्या मध्ये एक लहान गोष्ट राहून जाते आणि माझ्या मते दोन देशांतील शैक्षणिक सहकार्य टिकेल की नाही, हे त्याच गोष्टीवर ठरते. ती म्हणजे संशोधकाने समोरच्या देशात जाऊन काही आठवडे काम करण्यासाठी मिळणारी छोटी रक्कम, आणि ती दुसऱ्यांदाही वेळेवर मिळेल याची खात्री.

मी जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात विद्यापीठात शिकवते, त्यामुळे माझी उदाहरणे भारत आणि जर्मनी यांच्यातलीच आहेत. या दोन देशांचे नाते कोवळे नाही. मद्रासची आयआयटी १९५९ मध्ये जर्मन साहाय्याने उभी राहिली, जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेचे, म्हणजे येथे सगळे जिला ‘डाड’ म्हणतात तिचे, दिल्लीतील कार्यालय १९६० पासून आहे, आणि विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा सरकारी करार १९७४ चा आहे. २०१० मध्ये गुरुग्रामला भारत-जर्मन विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले; त्याच्या मुख्य प्रकल्पांत दोन्ही देशांची एकेक संशोधन संस्था आणि एकेक उद्योग असे चार भागीदार लागतात. हे सारे आपापल्या जागी चांगलेच आहे. मात्र ज्याला उद्योगातला भागीदार मिळण्याची शक्यता नाही, अशा इतिहासाच्या, गणिताच्या किंवा परिस्थितीकीच्या अभ्यासकाला या प्रकल्पांचा उपयोग नाही.

त्याच्या उपयोगाची योजना वेगळी आणि बरीच साधी आहे. केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि डाड मिळून दोन वर्षांच्या संयुक्त प्रकल्पांना येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च देतात. यंत्रसामग्री नाही, पगार नाही, फक्त माणसांची ये-जा. पाठवणारा देश आपल्या माणसाचा खर्च उचलतो, हे त्यामागचे तत्त्व मला फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे कोणीही कोणाचा उपकृत पाहुणा होत नाही. पुण्याहून आलेली पीएचडीची विद्यार्थिनी येथे आपल्या देशाच्या पैशाने राहते, यजमान प्राध्यापकाच्या मर्जीवर नाही, आणि हे तिच्या बोलण्यातूनही जाणवते.

अडचण सुरू होते ती दिनदर्शिकेत. जर्मन बाजूचा पैसा कॅलेंडर वर्षाला बांधलेला असतो आणि ३१ डिसेंबरला न वापरलेली रक्कम सहसा हातची जाते. भारतीय बाजूचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला, तयार व्हायचे, लेखापरीक्षकाची सही व्हायची, ते दिल्लीला जायचे आणि मग पुढचा हप्ता सुटायचा. एप्रिल ते जूनमध्ये भारतीय संशोधकाच्या हाती सुटी असते आणि पैसे नसतात. पैसे येतात तेव्हा सत्र सुरू झालेले असते आणि विभागप्रमुख रजा द्यायला तयार नसतात. इकडे व्याख्याने नसण्याचा काळ म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आणि ऑगस्ट-सप्टेंबर; त्यांतला पहिला भारताच्या आर्थिक वर्षअखेरीत सापडतो आणि दुसरा गणपतीच्या आगेमागे ऐन सत्रात. दोन्हीकडे पैसा आहे, वेळ आहे आणि परवानगी आहे, असे आठवडे वर्षातून बोटांवर मोजण्याइतकेच उरतात. आमच्या एका प्रकल्पात दुसऱ्या वर्षाचा भारतीय हप्ता मार्चमध्ये आला आणि महिनाअखेर खर्च करा अशी सूचना त्याच्यासोबतच आली. शेंगेन व्हिसाच्या मुलाखतीची वेळ मिळायलाच त्याहून जास्त दिवस लागणार होते. रक्कम परत गेली. त्या कार्यालयातील कोणी मुद्दाम काही केले असे मला वाटत नाही, प्रत्येकाने आपापला नियम पाळला होता.

याच्या जोडीला परवानग्या असतात. केंद्र सरकारच्या निधीवर जाणाऱ्याने विमानतिकीट ठरवून दिलेल्या तीन सरकारी एजन्सींकडूनच काढायचे. जानेवारी २०२१ मध्ये तर काही विषयांवरील ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांनाही पूर्वपरवानगी लागेल असा आदेश निघाला होता. विज्ञान अकादमींनी आक्षेप घेतल्यावर तो पुढच्याच महिन्यात मागे घेण्यात आला. घरी बसून पडद्यावर बोलण्यालाही परवानगी मागावीशी वाटणे, यातून प्रवासाकडे पाहण्याची प्रशासनाची नजर कळते.

भारत सरकार या कामावर पैसे खर्च करत नाही असे कोणी म्हणू नये. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्यान’ योजनेत परदेशी प्राध्यापकाला बारा-चौदा तासांच्या अभ्यासक्रमासाठी ८,००० डॉलर आणि वीस ते अठ्ठावीस तासांसाठी १२,००० डॉलरपर्यंत देण्याची तरतूद झाली. २०२३ च्या ‘वैभव’ अधिछात्रवृत्तीत परदेशस्थ भारतीय वैज्ञानिकाला वर्षातून एक-दोन महिने भारतात काम करण्यासाठी दरमहा ४ लाख रुपये मिळतात. माझ्यासारख्यांसाठी ही योजना सोयीची आहे, त्यामुळे तिच्यावर बोलताना जरा संकोच वाटतो. तरीही हिशेब मांडायला हवा. पीएचडीच्या विद्यार्थ्याचा येथील दोन महिन्यांचा मुक्काम विमानभाड्यासह साधारण ४,००० युरोंत भागतो. म्हणजे ‘ग्यान’मधून एका प्राध्यापकाला दोन आठवड्यांसाठी मिळणाऱ्या १२,००० डॉलरमध्ये जवळजवळ तीन विद्यार्थी येऊन जातात. ‘ग्यान’च्या वर्गात एका वेळी कित्येकजण शिकतात हे मान्य, आणि लहान गावातल्या महाविद्यालयातील शिक्षकालाही तेथे प्रवेश मिळतो हे त्याहून महत्त्वाचे. पण त्या वर्गातून संयुक्त काम क्वचितच निघते. ते निघते प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात एकमेकांशेजारी बसल्यावर, आणि तेही बहुधा पहिल्या खेपेस नाही. पहिली भेट समोरच्याचे काम समजून घेण्यात जाते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्राला ठाऊकच आहे. हायडेलबर्गचे ग्युंटर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या दैवतांवर आणि धनगरांच्या ओव्यांवर जे काम केले, ते वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा महाराष्ट्रात येऊन, मराठी बोलून, मेंढपाळांबरोबर हिंडून केले. १९९२ मध्ये ते गेले, तेव्हा मराठी अभ्यासकांना आपल्यातलाच एक गेल्यासारखे वाटले. दोन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने सोन्थायमर घडत नाहीत. उलट दिशेचे उदाहरण इरावती कर्वे यांचे. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या त्या कर्ज काढून, आणि डॉक्टरेट मिळवली ती मार्गदर्शकाच्या वंशविषयक गृहीतकाला आपल्या मोजमापांनी नाकारून. घरच्यांची ऐपत आणि ओळखीपाळखी यांच्यावरच परदेशातील संशोधन अवलंबून असण्याचा तो काळ होता; राज्य विद्यापीठांतल्या अनेकांसाठी तो अजून संपलेला नाही. केंद्राच्या योजनांचा लाभ आयआयटी आणि आयसर यांच्या वाट्याला सहज येतो, कारण तेथे अर्ज भरून देणारे आणि हिशेब ठेवणारे कार्यालय असते. जिल्ह्याच्या गावच्या विद्यापीठात ते काम प्राध्यापक रात्री घरी बसून करतात.

जर्मनीचे गुणगान मात्र मी गाणार नाही. येथील कायद्याने पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षे मुदतीच्या कराराने नेमता येते, आणि पुढे बहुतेकांना कायम जागा मिळत नाही. २०२१ मध्ये यावर मोठा असंतोष व्यक्त झाला. त्याचा सहकार्यावर थेट परिणाम होतो: भारतातील गट दुसऱ्या भेटीला येतो तोवर पहिल्या भेटीत ज्याच्याबरोबर काम केले तो सहायक करार संपून गेलेला असतो. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारताविषयी जे धोरण जाहीर केले, त्यातील सर्वांत गाजलेला आकडा कुशल कामगारांच्या व्हिसांचा होता, वर्षाला २०,००० वरून ९०,०००. येथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्याही ५०,००० च्या पुढे गेली आहे. संशोधन-भेटीचा अर्थ माणूस परत जाणे हा आहे, आणि वृद्ध होत चाललेल्या देशाला माणसे ठेवून घ्यायची आहेत. या दोन हेतूंची सरमिसळ होते तेव्हा नुकसान भारताचे होते, म्हणून परतीच्या भेटीचा पैसा भारताने स्वतःच्या हाती ठेवणे मला आवश्यक वाटते.

तो राज्याच्या पातळीवरही ठेवता येईल. जर्मनीत विद्यापीठे राज्यांच्या अखत्यारीत असतात, आणि महाराष्ट्राचे बाडेन-व्युर्टेम्बर्गशी भागीदारीचे नाते २०१५ पासून आहे. मुंबई आणि त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट यांचे तर १९६८ पासून. (हेच राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो शुल्क घेते, ही या भागीदारीतली जरा गमतीची बाब. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट आहे.) महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना पूर्ण अभ्यासक्रमासाठी पाठवते, आणि ती वाढायलाच हवी. तिच्या शेजारी राज्य विद्यापीठांसाठी एक छोटा निधी ठेवावा, त्यातून विद्यार्थ्याला आणि मार्गदर्शकाला दोन वर्षांत दोनदा जाता यावे, रक्कम विद्यापीठाकडे आगाऊ जमा असावी, ३१ मार्चला ती परत जाऊ नये, आणि मंजुरीची सही कुलगुरूंच्या पातळीवरच व्हावी. वर्षाला पन्नास जणांना प्रत्येकी ४ लाख रुपये धरले, तरी खर्च २ कोटींवर जात नाही. तितकीच रक्कम येथील राज्याने आपल्या माणसांना पुणे, कोल्हापूर किंवा नांदेडला पाठवण्यासाठी घालावी, अशी मागणी भागीदारीच्या पुढच्या बैठकीत महाराष्ट्राने करायला हरकत नसावी. पाठवणाऱ्याने खर्च करायचा हे तत्त्व दोन्ही बाजूंना आधीपासून मान्य आहे.