रिव्हरफ्रंटच्या पोस्टवर आलेल्या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप लागली नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहा जण अहमदाबादला साबरमती रिव्हरफ्रंट बघून आलो, त्यावर मी लिहिलं. त्याखाली तुम्ही लिहिलंत की ते पाणी नर्मदेचं आहे, काठावरच्या झोपड्या हटवून हे सगळं उभं केलंय, आणि "ठाण्यात राहून ज्यांनी खाडीकडे कधी ढुंकून बघितलं नाही ते परक्या नदीचं कौतुक करतात."

पाण्याचं तुमचं बरोबर. नर्मदेच्या कॅनॉलचं पाणी सोडतात, पुढे वासणा बॅरेजला अडवतात, म्हणून पात्र भरलेलं दिसतं. मी नुसतं "साबरमती तुडुंब आहे" लिहून मोकळा झालो, ते दुरुस्त केलंय.

पण ढुंकून? कोणाला म्हणताय हे? माझा जन्म ठाण्यातल्या, खाडीकाठच्या चेंदणी कोळीवाड्यातला. आजी ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या काढायची, घरी आली की ओट्यावर बसून करवंटीने पायाचा चिखल खरवडायची आणि मी तांब्याने पाणी ओतायचो, तो वास अजून नाकात आहे. बाबांनी उभं आयुष्य होडीवर काढलं, बोईट आणि कोळंबी आम्ही कधी विकत आणली नाही. आता तिथे जाळं टाकलं तर मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं. 2022 ला ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते, आणि ऐरोलीहून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला बोट सुटते त्या बोटीतनं मुलांना मी दोनदा फिरवून आणलंय. तुम्ही किती वेळा गेलात ते सांगा ना एकदा.

बाबांचे गुडघे गेलेत. आमच्या बाजूला चिखल, दगड, राडारोडा, त्यांना पाण्यापर्यंत नेताच येत नाही. तिकडे अहमदाबादला मुलं नदीवरच्या अटल ब्रिजवर पळत होती तेव्हा बाबा माझा हात धरून खालच्या प्रोमेनाडपर्यंत आले, पाण्याच्या अगदी कडेला चप्पल काढून बसले, बराच वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "भरती नाय रे हिला." मी कौतुक केलं ते ह्याचं, की म्हातारा माणूस पाण्याजवळ जाऊन बसू शकतो. आपल्या खाडीला हे व्हावं असं मला वाटतं म्हणूनच ती पोस्ट लिहिली, शेवटचा परिच्छेद सगळा त्यावरच आहे, तो तुम्ही वाचलाच नाहीत असं दिसतंय.

झोपड्यांचा विषय मोठा आहे, सहलीच्या पोस्टमध्ये तो कुठे मांडत बसणार, तुम्ही त्यावर लिहा, मी वाचेन.

चूक दाखवायची तर हजारदा दाखवा, राग नाही. पण माझ्या आजीबाबांना ओळखत नसताना तो "ढुंकून" शब्द वापरलात, तो तेवढा मागे घ्या.