पट 17, आणि जाब विचारायचा कोणाला?

आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग आहेत, पट, म्हणजे मुलांची संख्या, 17 आहे आणि शिक्षक दोन आहेत. या शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी दोन वर्षे अध्यक्ष होते. मुदत संपून नवी समिती बसली आहे, पदाचा संकोच उरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे एका शाळेबद्दलचे गाऱ्हाणे नाही आणि तिथल्या दोन्ही गुरुजींवर माझा राग तर मुळीच नाही.

2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याने प्रत्येक सरकारी शाळेला अशी समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अध्यक्ष पालकांमधून निवडला जावा आणि समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावा, असे कायदा सांगतो. कागदावर पाहिले तर इतका अधिकार गावाला यापूर्वी कधी मिळालेला नव्हता. प्रत्यक्षात पहिल्या बैठकीला मी गेले तेव्हा प्रोसिडिंगची वही आधीच लिहून तयार होती, विषय क्रमांक एक ते सहा मंजूर झालेले होते आणि भांगलणीतून तशाच आलेल्या चार जणी पदराला हात पुसून सही किंवा अंगठा करून पुन्हा शेताकडे निघाल्या होत्या. 'ताई, तुम्ही फक्त इथे सही करा,' असे मुख्याध्यापकांनी मला सांगितले, आणि मीही केली. हे कबूल केल्याशिवाय पुढचे काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पुढचे सात-आठ महिने विषय साधारण तेच राहिले. पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, गणवेशाचे माप, गळणारे पत्रे, पाण्याची टाकी, स्वयंपाकी बाईंचे थकलेले मानधन. हे सगळे विषय खरे आहेत आणि त्यांतला एकही टाळण्याजोगा नाही. पण मूल वाचायला शिकले का, हा विषय एकाही बैठकीच्या इतिवृत्तात नव्हता. एकदा मी विचारले की तिसरीतल्या पाच मुलांपैकी किती जण दुसरीच्या पुस्तकातला धडा न अडखळता वाचतात. खोलीत शांतता पसरली. धाकटे गुरुजी खाली बघत म्हणाले, 'दोघे.' मग त्यांनी आपण होऊन जे सांगितले, त्याने माझे पुढचे दीड वर्ष व्यापले.

त्यांच्याकडे मतदारयादीचे काम होते. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे तोच कायदा म्हणतो, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांचा अपवाद करतो, आणि मतदारयादी त्या अपवादात अलगद बसवली जाते. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस एकच गुरुजी चारही वर्ग सांभाळत होते. त्यातही तेच मुख्याध्यापकाचा पदभार सांभाळणारे, तेच आहाराची रोजची ऑनलाइन नोंद करणारे आणि तेच लेखनिक, कारण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ना लेखनिक असतो ना शिपाई. दहा-बारा शाळांवर मिळून एक केंद्र असते. त्या केंद्रातून दुपारी 12 वाजता निरोप येतो की अमुक माहिती 2 वाजेपर्यंत लिंकवर भरा. दोन शिक्षकी शाळेत हा निरोप म्हणजे दोन वर्गांचा तास गेला, हे निरोप धाडणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यालाही तो वरून आलेला असतो.

हे 'वर' नेमके कुठे आहे, याचा शोध घ्यायचे मी ठरवले. आमच्या भागातली म्हातारी माणसे अजूनही 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणतात. मुंबई प्रांतात 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या, त्या काळाचा हा शब्द आहे. पुढे 1961 चा जिल्हा परिषद कायदा आला, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शाळा त्यांच्या झाल्या. त्यामागची कल्पना साधी होती: शाळा लोकांच्या जवळ असावी, ती चालवणारेही लोकांच्या जवळचे असावेत आणि ती नीट चालली नाही तर लोकांना त्यांचे मनगट धरता यावे. आज शाळेच्या कमानीवर जिल्हा परिषदेचे नाव आहे, पण शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, पदे संचमान्यतेत, म्हणजे पटावरून होणाऱ्या सरकारी मोजणीत, ठरतात, भरती राज्याच्या पोर्टलवरून होते, बदल्या संगणक करतो, पाठ्यपुस्तक पुण्यात ठरते आणि परीक्षेचे वेळापत्रकही तिकडूनच येते. बदल्या ऑनलाइन झाल्यामुळे वशिलेबाजीला बराच आळा बसला, हे मी मान्य करते. पण आमच्या शाळेतला शिक्षक जाणार की राहणार, याबद्दल वाडीला, केंद्रप्रमुखांना, गटशिक्षणाधिकाऱ्यांना, कोणालाही काहीही म्हणता येत नाही.

बरे, जिल्हा परिषदेत आमचे म्हणणे मांडायला शिक्षण समिती असते, असे पुस्तकात असते. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या 25 जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. म्हणजे माझ्या अध्यक्षपदाच्या काळात आमच्या गटाला जिल्हा परिषदेत सदस्यच नव्हता. सदस्य असता तर सगळे सुरळीत झाले असते, असे मानण्याइतकी मी भोळी नाही. यापूर्वीच्या सदस्यांना शाळा आठवायची ती खोलीच्या बांधकामाच्या वेळी. तरीही दाराशी जाऊन दोन शब्द सुनावता येतील असा माणूस असणे आणि नसणे, यात फरक आहे. पंचायत समितीत मी चार खेपा घातल्या. सगळे अदबीने बोलले, चहाही मिळाला, आणि प्रत्येक टेबलाने पुढच्या टेबलाचे नाव सांगितले.

आता पटाबद्दल. छोट्या शाळांच्या चर्चेत 'पट' हा एकच शब्द सतत फिरत राहतो. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली आणि हजेरीपटावर असलेली लाखो मुले वर्गात नाहीत असे उघड झाले. त्यानंतर सरकारने आकड्यांवर विश्वास ठेवणे सोडले, हे समजण्यासारखे आहे. आज आधार जुळलेलेच मूल संचमान्यतेत मोजले जाते. आमच्या 17 मुलांपैकी एका मुलीचे नाव आधारवर चुकीचे पडले होते. ती रोज शाळेत येत होती, पण सरकारदरबारी नव्हती. तालुक्याला तीन हेलपाटे घातल्यावर ती अस्तित्वात आली. तिच्या वडिलांची तीन दिवसांची मजुरी त्यात बुडाली.

कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणून आमची शाळा अजून दोन शिक्षकी आहे. पण 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात सुमारे 15 हजार आहेत आणि 2023 च्या सप्टेंबरात त्यांना एकत्र करून त्यांच्या जागी समूह शाळा उभ्या करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पानशेत आणि तोरणमाळ या त्यातल्या आदर्श म्हणून दाखवल्या गेल्या. यावर समाजमाध्यमांत जो गदारोळ झाला, त्यात मी पूर्णपणे सामील होऊ शकले नाही. पाच मुलांची शाळा ही मुलांच्या दृष्टीनेही चांगली शाळा नसते. भांडायला, खेळायला, एकमेकांचे बघून शिकायला मुले लागतात. जिथे डांबरी रस्ता आहे, बारमाही गाडी आहे आणि दोन किलोमीटरवर चांगली शाळा आहे, तिथे एकत्र येण्यात वाईट काय? पण आमच्या वाडीपासून मोठ्या गावाची शाळा साडेतीन किलोमीटरवर आहे, मध्ये ओढा आहे आणि जुलैत त्या ओढ्याला मोठी माणसेसुद्धा हातात हात धरून उतरतात. सहा वर्षांच्या पोरीला त्या वाटेने कोण पाठवील? कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी म्हटले आहे, ते नकाशावर रेघ मारून म्हटलेले नाही. वाड्यावस्त्यांवरच्या वस्तीशाळा 2000 नंतर उघडल्या गेल्या, त्या अशाच वाटा बघून. शाळा बंद करायची का, हा प्रश्न ओढ्यापाशी उभे राहून सोडवायचा आहे आणि तो सोडवणारा माणूस मंत्रालयात बसलेला आहे, एवढीच माझी तक्रार आहे.

पटाचे दुसरे दुखणे असे की छोट्या शाळेची गुणवत्ता टक्क्यांत मोजता येत नाही, आणि सगळे अहवाल तर टक्क्यांतच मागितले जातात. तिसरीत पाच मुले असतील तर एका मुलाने शाळेचा निकाल 20 टक्क्यांनी वर-खाली होतो. आमच्या शाळेतला एक मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला आणि मार्चअखेर परत आला. तो असताना शाळा एका रकान्यात बसली, तो नसताना दुसऱ्या. केंद्राच्या बैठकीत आमच्या गुरुजींना या फरकाबद्दल विचारणा झाली. त्या मुलाची पाच महिन्यांची शाळा बुडाली याबद्दल मात्र कोणी विचारले नाही, आणि तो गेला तिथे जवळ हंगामी सोय होती का, हे पाहणे कोणाचे काम होते तेही मला शेवटपर्यंत कळले नाही.

अशा वेळी लोक मला परितेवाडीचे उदाहरण देतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली ती शाळा आणि रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये मिळालेला जागतिक शिक्षक पुरस्कार हा आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी ती बातमी मोठ्याने वाचली होती. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीने लोकसहभागातून काय उभे केले, तेही आपण पाहिले आहे. पण या कथा सांगताना आपण नकळत असे म्हणत असतो की एखादा असामान्य माणूस लाभला तर शाळा उभी राहते. मग तो माणूस बदलीने, निवृत्तीने किंवा कंटाळून गेला की काय? व्यवस्था चालवायची असते ती सामान्य माणसांच्या भरवशावर. आमचे दोन्ही गुरुजी सामान्य आहेत, कष्टाळू आहेत, त्यांना गृहकर्ज आहे, रोज 40 किलोमीटर दुचाकी चालवून ते येतात. त्यांच्या हातून 17 मुले वाचती व्हावीत एवढीच अपेक्षा असेल, तर त्यांना चमत्कार करायला न लावता दिवसाचे पाच तास मोकळे मिळवून द्यायला हवेत.

यावर माझ्याकडे मोठी योजना नाही. राज्यात 4,860 केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्राला एक लेखनिक द्यावा, दहा-बारा शाळांचे ऑनलाइन काम त्याच्याकडे द्यावे आणि शाळांना निरोप धाडायची परवानगी फक्त दुपारी शाळा सुटल्यावर असावी. दुसरे, शाळेचे अनुदान. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजार रुपये मिळतात. त्यात वीजबिल, खडू, झाडू आणि डागडुजी बसवायची. पत्रे फुटले तर ते पैसे पुरत नाहीत आणि पत्र्यांची शाळा 17 मुलांची असो की 70 ची, पाऊस तेवढाच पडतो. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी येतो. त्यातून शाळेसाठी खर्च करता येतो, हे आमच्या सरपंचांना मीच दाखवून दिले आणि मग टाकी झाली. तिसरे, केंद्रातल्या सगळ्या समित्यांच्या अध्यक्षांची वर्षातून दोनदा तरी एकत्र बैठक व्हावी. माझ्यासारख्या दहा जणी एका खोलीत बसल्या असत्या, तर त्या चार टेबलांनी आम्हाला इतक्या सहज फिरवले नसते.

समितीत आम्ही एकच गोष्ट करू शकलो. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणात मुलाच्या घरी जाऊन त्याच्यापुढे एक साधा उतारा आणि हातच्याची वजाबाकी ठेवतात, ही पद्धत मला ठाऊक होती. आम्ही टक्केवारी सोडून दिली आणि दर महिन्याच्या बैठकीत प्रत्येक मुलाला त्याच्या आईसमोर वाचायला बसवले. पहिल्या महिन्यात गुरुजी अवघडले, आया लाजल्या आणि एका पोराने रडून घेतले. पुढच्या महिन्यापासून भांगलण असली तरी बैठकीला कोणी चुकेना. मतदारयादीचे काम एका शिक्षकी आणि दोन शिक्षकी शाळांना देऊ नये, असा ठराव आम्ही करून पाठवला. त्याचे उत्तर आलेले नाही.

माझ्या शेवटच्या बैठकीच्या प्रोसिडिंगमध्ये विषय क्रमांक एकखाली असे लिहिले आहे: 'तिसरीतील पाचपैकी चार विद्यार्थी उतारा वाचतात. पाचवा विद्यार्थी ऊसतोडीवरून 28 मार्चला आला असून त्याला अक्षरओळखीपासून पुन्हा घेतले आहे.' त्याखाली त्याच्या आईचा अंगठा आहे.