बोटभर पाइप, तीन मजले

सोसायटीत राहणाऱ्या माणसाला नातेवाईक नसले तरी चालतं, 'वरचे' असावेच लागतात. रात्री अकराला खुर्च्या ओढतात ते वरचे. कुंड्यांना घातलेलं पाणी ज्यांच्या कृपेने आपल्या वाळत घातलेल्या चादरीलाही मिळतं ते वरचे. आणि बाथरूमच्या छताला ओल आली, की ज्यांच्यावर पंचनाम्याआधीच गुन्हा दाखल करता येतो, तेही वरचेच.

आमची इमारत पुण्यातली, १९८८ सालची, तीन मजल्यांची. आम्ही मधल्या मजल्यावर. म्हणजे आम्हाला वरचे आहेत आणि खालच्या आजोबांचे वरचे आम्ही आहोत. ही फार अडचणीची जागा. सकाळी मी वरच्या काकांना ज्या आवाजात "काका, तुमच्याकडून गळतंय" म्हणालो, नेमका तोच आवाज काढून संध्याकाळी आजोबा माझ्या दारात उभे. आजोबांनी १२ जुलै १९६१ चं पानशेत पाहिलंय, लकडी पूल पाण्याखाली गेलेला पाहिलाय. त्यामुळे पाण्याला ते घाबरत नाहीत. "पण ते आलं आणि ओसरलं हो," ते म्हणाले, "तुमचं ओसरायचं नाव नाही."

काकांचं उत्तर मला तोंडपाठ होतं. "आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे." वरच्यांकडे कोरडंच असणार, पाणी त्यांच्याकडे थांबलं असतं तर मी कशाला जिना चढलो असतो? पण हे मी मनातच म्हटलं. मनातलं मनात ठेवायची पुण्यात पद्धत नाही, पण काका सोसायटीचे खजिनदार आहेत.

दरम्यान घरात बादली लागली. चिरंजीवांना अभ्यास सोडून कुठलंही गणित आवडतं. सलाइनच्या नळीत वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरतात, हे त्याने कुठून तरी शोधून काढलं आणि सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर, असं जाहीर केलं. "म्हणजे तुळशीला पुरतंय की," आई म्हणाली आणि तिने बादली उचलली. तेव्हापासून गळती थांबवण्याच्या बाबतीत आईचा पाठिंबा ढिला पडला.

मग प्लंबर आला. 'येतो' आणि 'आला' यांच्यामध्ये जे काही घडलं ते सगळ्यांच्याच घरी घडतं, म्हणून सांगत नाही. पण आल्यावर मात्र माणूस एकदम मुरलेला डॉक्टर. हातोडा काढला नाही, काही नाही. आधी हिस्टरी. "चोवीस तास गळतंय का अंघोळीच्या वेळीच?" अंघोळीच्या वेळीच गळत असेल तर जाळीखालचा नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप, चोवीस तास गळत असेल तर सप्लायची लाइन, कारण तिच्यात दाब कायम असतो. मग त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक टाइलवर टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. "सप्लाय," तो म्हणाला.

यावर काकांनी पुरावा मागितला. म्हणून नीळ आली. वरच्या बाथरूमच्या जाळीत नीळ कालवून ओतायची आणि खाली निळं पाणी टपकतं का बघायचं, असा प्रयोग. काकूंचा याला सक्त विरोध, कारण टाइल्स नव्या होत्या आणि डाग पडला तर कोण जबाबदार? शेवटी टाइल्सवर जुन्या साड्या अंथरून, काकू स्वतः देखरेखीला बसून नीळ ओतली गेली. खाली आम्ही माना वर करून. थेंब पडत राहिले, पण शेवटपर्यंत स्वच्छ पांढरे. प्लंबरचं निदान बरोबर ठरलं, पण काकांनी त्याचा अर्थ 'आपण निर्दोष' असा घेतला आणि चहा पाजला.

नंतर आला गुरुवार. पुणेकराला पुढचं सांगायला नको. देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. दुपारी गच्चीवरची टाकी तळाला गेली आणि रात्री गळती थांबली. काही न करता! सेक्रेटरींनी त्याच रात्री ग्रुपवर 'बी-२ ची गळती निकाली' असा मेसेज टाकला, त्याला बावीस अंगठे आले. शनिवारी सकाळी पाणी पूर्ण दाबाने आलं आणि आईची तुळस वाचली.

आता नेमकी कुठली लाइन हे शोधायला गच्चीवर जाणं भाग होतं. आमच्या टाकीखाली व्हॉल्व्हची रांगच आहे. कोणे एके काळी प्रत्येकावर रंगाने लिहिलं होतं म्हणे. आता काहींवर नुसता एक 'कि' वाचता येतो, तो किचनचा की किरकोळचा, कळत नाही. प्लंबरने हात चोळले. "बंद करून बघायचं साहेब. ज्याचा आवाज येईल त्याची लाइन." पहिला व्हॉल्व्ह बंद झाला आणि शेजारच्या जिन्यातून, डोळ्यांत साबण गेलेल्या माणसाचा असतो तसा आवाज आला. "ही नाही," प्लंबर म्हणाला. सगळ्यात वैताग म्हणजे व्हॉल्व्ह बरोबर सापडला तरी थेंब लगेच थांबत नाही. भिंत पाणी पिऊन बसलेली असते, तास-दोन तास ती निवांत गाळत राहते. तोवर ती लाइन बंद ठेवायची आणि खालून येणाऱ्या प्रत्येकाला "पाच मिनिटं हां" म्हणायचं. पाच मिनिटं हे माप पुण्यात कुठेही चालतं.

शेवटी डक्टला, म्हणजे पाइप उतरवायच्या उभ्या पोकळीला, लागून असलेली काकांच्या बाथरूमची भिंत फोडायची ठरली. साड्या पुन्हा आल्या, पण छिन्नीपुढे साडीचं काय चालणार? दोन टाइल्स गेल्या, आतला प्लास्टर ओल्या भाकरीसारखा हातात आला, आणि गुन्हेगार दिसला. गॅल्व्हनाइज्डचा जुना पाइप. जस्ताचा मुलामा कधीच संपलेला, आतून गंज चढून अर्ध्या इंचाच्या पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट राहिलेली. आणि आट्यांवर केसाएवढी चीर. त्यातून पाणी टपकतही नव्हतं. बारीक फवारा भिंतीच्या आतल्या बाजूला उडत होता आणि सळ्यांच्या कडेकडेने आमच्याकडे आणि पुढे आजोबांकडे उतरत होता. काकांकडे खरंच कोरडं ठणठणीत होतं.

इथे काम संपायला हवं होतं. इथेच सभा सुरू झाली.

आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, सांगतात, की सामाईक पाइपलाइनची दुरुस्ती सोसायटीने करायची आणि घराच्या आतली सभासदाने. फार सोपं आहे. पण डक्टमधल्या उभ्या पाइपाला बसवलेली टी सोसायटीची, भिंतीतून आत वळणारा एल्बो काकांचा, आणि चीर पडली होती या दोघांना जोडणाऱ्या बोटभर निपलला. निपल कोणाची? कमिटी बाथरूमच्या दारात चपला काढून उभी. एकाने टेप आणला. निपलचा जास्त भाग भिंतीच्या आत की बाहेर, हे मोजलं गेलं. प्लास्टर भिंतीत धरायचा की नाही यावर दोन गट पडले. "निपल कोणाचीही असू द्या," भोकात हात घालून बसलेला प्लंबर म्हणाला, "मी फिरवू का?"

तीन हिस्से करायचं ठरलं: सोसायटी, काका आणि आम्ही. आम्ही का, असं मी विचारलं. तर सेक्रेटरी म्हणाले, "लाभार्थी म्हणून." आजोबा वयामुळे वगळले गेले. त्या निपलची किंमत सभेच्या चहाहून कमी होती, हे बिल आल्यावर खजिनदारांनीच सांगितलं.

काम अर्ध्या तासाचं. जुना तुकडा कापून काढला, नवा सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, बसवला. पितळी आट्यांवर टेफ्लॉन टेप. हे टेफ्लॉन १९३८ मध्ये अमेरिकेत, फ्रिजच्या गॅसवर प्रयोग करताना अनपेक्षितपणे सापडलं; त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं प्लंबर सुतळीचे धागे आणि सफेदा यांवरच भागवत. आमच्या प्लंबरच्या पिशवीत अजूनही सुतळीचं एक भेंडोळं असतं. टेपवर त्याचा विश्वास आहे, पण पूर्ण नाही. सांध्याला सॉल्व्हंट लावून त्याने बजावलं, "उद्यापर्यंत लाइन चालू करायची नाही." ग्रुपवर मेसेज गेला, 'पाच मिनिटं.'

राहिल्या दोन टाइल्स. भिंत फोडणं प्लंबरचं, भरणं गवंड्याचं. आणि मिळतीजुळती टाइल आणणं नशिबाचं. काका-काकू भवानी पेठेत हिंडून आले. "ते डिझाइन बंद झालं," हे वाक्य त्यांना प्रत्येक दुकानात ऐकावं लागलं, दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या टाइलसाठी. मग काकूंनी चिडून चित्राची, महागातली हायलायटर टाइल उचलली. धबधब्याची. जिथून गळत होतं बरोबर तिथेच बसवली. आजोबांना मुद्दाम वर बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा पुसून पाहिली आणि पाणी खडकवासल्याचं दिसत नाही, असा शेरा दिला.

त्या टाइलच्या बिलाचाही तिसरा हिस्सा सोसायटीने द्यावा, असा काकांचा अर्ज आला आहे. सेक्रेटरींच्या मते धबधबा सामाईक सुविधेत मोडत नाही. अर्जाला इनवर्ड नंबर पडला असून, लाभार्थी म्हणून मलाही सभेची नोटीस आली आहे.