दीडशे पीएस आणि अठरा वर्षं : ‘एक बाप, कोल्हापूर’ यांना उत्तर

अठरा वर्षांच्या मुलाला पहिली गाडी म्हणून फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, ही दीडशे पीएसची (म्हणजे साधारण दीडशे अश्वशक्तीची) सेडान, घेऊन देऊ नका, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक बाप, कोल्हापूर’ अशा सहीची लांबलचक आणि चांगलीच तापलेली प्रतिक्रिया आली. मुद्दे असे: गाडीला सुरक्षिततेचे पाच स्टार आहेत, ओव्हरटेक करताना ताकदच जीव वाचवते, मुलगा लहानपणापासून कार्टिंग करतो, ही काही स्पोर्ट्स कार नव्हे, आणि पुण्यातलं कल्याणीनगरचं प्रकरण लायसनवाल्या पोराच्या डोक्यावर मारू नका. शेवटी एक टोला: ‘मग काय जुनी मारुती ८०० देऊ?’ उत्तर लिहिता लिहिता लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय.

नमस्कार दादा,

कल्याणीनगरचं आधी उरकतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्श टायकानच्या धडकेत मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, चालवणारा सतरा वर्षांचा होता, प्रकरण न्यायालयात आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. तुमचा मुलगा यात कुठेच बसत नाही. मान्य. ते उदाहरण बाजूला ठेवू.

पण मग कायदा तुमच्या मुलाला सांगतो काय? काहीच नाही. लर्निंग लायसन काढायचं, तीस दिवस झाले की पक्क्या लायसनच्या टेस्टला जायचं. टेस्टमध्ये आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर गाडी मागे न घसरू देता उचलणं. सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पास झाला की अल्टो आणि लॅम्बोर्गिनी दोन्ही त्याच कार्डावर चालतात, आणि दुसऱ्या दिवशी तो समृद्धीवर १२० नं जाऊ शकतो, कायदेशीरपणे. विमावालेही गप्प. जीटीचं इंजिन १४९८ सीसीचं, म्हणजे थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीसाठी सक्तीच्या विम्याच्या) हप्त्यासाठी ती स्विफ्टच्याच गटात. चालवणारा अठराचा की पन्नासचा, त्यावर हा हप्ता ठरत नाही. अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांच्या पोरासाठी मस्टँग घ्यायला निघालेल्या बापाला विम्याचा आकडा ऐकूनच घाम फुटतो. न्यू जर्सीत तर सतराव्या वर्षी मिळतं ते लायसनच तात्पुरतं: रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी काढायची नाही, सोबत एकच मित्र, नंबरप्लेटवर लाल स्टिकर. आपल्याकडे हे सगळं एकट्या बापाच्या गळ्यात येऊन पडतं. म्हणून लेख बापांना उद्देशून लिहिला होता.

‘ही कुठली स्पोर्ट्स कार?’ हे पोर्शेच्या शेजारी उभी केली तर बरोबरच आहे. पण मुलगा पोर्शेवरून उतरून हिच्यात बसणार नाहीये. ड्रायव्हिंग स्कूलची वॅगन-आर घ्या, एक लिटरवाली. ६७ पीएस, ८९ न्यूटनमीटर टॉर्क (इंजिनचा ओढायचा जोर), शेजारी सरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक. जीटी म्हणजे १५० पीएस आणि २५० न्यूटनमीटर, आणि हा टॉर्क इंजिनच्या मिनिटाला १६०० फेऱ्यांनाच पुरा येतो. त्याच्या खाली गाडी जरा आळसावल्यासारखी वाटते. नवखा पोरगा म्हणून अजून दाबतो, टर्बो जागा होतो आणि गाडी उसळते. सरळ कोरड्या रस्त्यावर यात मजा आहे, मलाही येते. ओल्या वळणावर मात्र पुढची चाकं पकड सोडतात, स्टिअरिंग वळवलेलं असतं आणि गाडी नाकासमोर जात राहते. अशा वेळी पाय हलकेच उचलायचा असतो, हे पुस्तकात वाचून येत नाही.

आता तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ताकद असली की ओव्हरटेक झटकन होतो, समोरच्या बाजूला कमी वेळ राहावं लागतं. शंभर टक्के खरं, पण तुमच्यासाठी. गळीत हंगामात गगनबावड्याच्या रस्त्यावर संध्याकाळी काय चित्र असतं हे मी कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. त्याच्या मागे लागल्यावर तुम्ही नुसता मोकळा रस्ता बघत नाही. ट्रॅक्टरवर डेक मोठ्यानं लागलाय, म्हणजे हॉर्न ऐकू जाणार नाही. पुढे उजवीकडे पाणंद आहे, गडी तिकडे वळेल का? समोरून येणारा दिवा एकच आहे, तो मोटरसायकलचा की एक दिवा गेलेल्या टेम्पोचा? हे सगळं तुमचं दोन सेकंदांत वाचून होतं, आणि बहुतेक वेळा तुम्ही ‘राहू दे’ म्हणून मागेच थांबता.

पोराला हे वाचता येत नाही. त्याला फक्त फट दिसते. साध्या गाडीत त्याला ठाऊक असतं की ही काही उचलणार नाही, म्हणून तो बऱ्याच फटी सोडून देतो, आणि त्या सोडता सोडता त्याची नजर तयार होते. जीटीत त्या सगळ्या फटी त्याला चालण्यासारख्या वाटायला लागतात. म्हणजे एकेका ओव्हरटेकचा वेळ कमी झाला, पण ओव्हरटेक दुप्पट झाले, आणि वाढलेले सगळे काठावरचे. तुमची गाडी ८० वर, समोरून एसटी ७० वर, तर दर सेकंदाला मधलं अंतर चाळीस मीटरनं घटतं. अंदाज दोन सेकंदांनी चुकला की ऐंशी मीटर गेले. तिथे दीडशे पीएस काय करणार?

स्टारचं म्हणाल, तर गाड्या आपटून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेची समोरासमोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला होते. त्या वेगाला आतली माणसं कितपत वाचतात याचे ते पाच स्टार, १३० चे नव्हेत. ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) फार कामाची गोष्ट आहे, घसरणाऱ्या गाडीच्या एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती गाडी सावरते. पण टायरला जेवढी पकड आहे तेवढ्यातच तिचा खेळ. वेग दीडपट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर सव्वादोनपट होतं, त्यात कुठलंही सॉफ्टवेअर सूट देत नाही.

आणि म्हणूनच, नाही, मारुती ८०० अजिबात देऊ नका. एअरबॅग नाही, ईएससी नाही, पत्रा हलका. अमेरिकेतली इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारी संस्था नवख्या पोरांच्या गाडीबद्दल हेच सांगते: इंजिन जोरदार नको, गाडी फार लहान आणि हलकीही नको, ईएससी हवंच. गंमत म्हणजे अशी गाडी तुमच्याच शोरूममध्ये उभी आहे. व्हर्टस एक लिटर टीएसआय. तोच सांगाडा, तेच ईएससी, इंजिन ११५ पीएसचं. स्टारसाठीच गाडी घेत असाल तर ते इथेही मिळतात, आणि वर पैसे वाचतात. पोराला मित्रांसमोर मिरवायचं असेल तर जीटी लाइन आहे, काळी सजावट, नावात जीटी, आत इंजिन एक लिटरचंच. (सेल्समन हे स्वतःहून सांगेल अशी आशा ठेवू नका.)

कार्टिंग करतो ही चांगली गोष्ट आहे, कोल्हापूरच्या मातीत ते आहेच. ब्रेक कधी सोडायचा, वळणाची रेघ कशी धरायची, हे त्याला माझ्यापेक्षा बरं येत असेल. पण ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं पळतात, कडेला टायर रचलेले असतात, डोक्यावर हेल्मेट असतं आणि कुत्रं आडवं येत नाही. शिवाय कार्टमध्ये मागची सीट नसते. ताम्हिणीत पावसाळ्यात जाणाऱ्या गाड्या बघा. चार पोरं, गाणी फुल्ल, आणि मागून कुणीतरी ‘दाखव की रे, किती पळती!’ त्या आवाजापुढे घरचं शिकवलेलं कितपत टिकतं, हे आपण दोघंही अठराचे होतो म्हणून जाणतो.

बुकिंग झालंय, बिल व्हायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मग व्हेरिएंट बदलून मिळतो का, ते उद्याच फोन करून विचारा. नाहीच जमलं तर जीटी तुम्ही चालवा, खुशाल चालवा. घरची बलेनो एक्स्चेंजला देणार होतात, ती देऊ नका. तिच्यात ईएसपी (ईएससीचंच मारुतीतलं नाव) आहे ना तेवढं बघून घ्या, टायर झिजले असतील तर बदला, आणि पहिला पावसाळा त्याला तीच चालवू द्या. जीटीची दुसरी किल्ली कुठे ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा.