बाबांच्या खिशातलं ब्लेड

रविवारी मशीनला कपडे लावताना सासऱ्यांच्या ट्रॅकपँटच्या खिशातून एक पुडी निघाली: दाढीचं ब्लेड, सुतळी आणि लसणाच्या चार पाकळ्या. बाबा रोज पहाटे पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला जातात. 'टेकडीवर फिरणाऱ्यांनो, हे वाचाच' हा ज्येष्ठांच्या ग्रुपवर फिरणारा, साप चावला तर काय करायचं ते सांगणारा मेसेज त्यांनी फारच मनावर घेतलाय.

लसणाच्या वासाने साप पळतात म्हणे. ठेवा खुशाल, फार तर सोबतचे आजोबा पळतील.

संताप आला तो 'चावल्या जागी चीर द्या, रक्त चोखा, वर घट्ट बांधा' वाचून. घोणस आणि फुरसे यांचं विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवतं. अशा माणसाला चीर दिली तर रक्त थांबणार कसं? त्यात ब्लेड वापरलेलं! चोखून विष निघत नाही, ते दातांनी आत मांसात सोडलेलं असतं. सुतळी करकचून आवळली की पायाचा रक्तपुरवठा तुटतो. घोणशीच्या दंशाने आधीच सुजलेला पाय त्याने कायमचा जाऊ शकतो. हे माझं शहाणपण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आग्नेय आशियासाठीच्या सर्पदंश मार्गदर्शिकेत चिरणं, चोखणं, आवळणं, तिन्हींना मनाई आहे.

'साप मारून दवाखान्यात न्या, नाहीतर इंजेक्शन कोणतं ते ठरत नाही.' अहो, इंजेक्शन एकच आहे! नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर तेच प्रतिसर्पविष. डॉक्टर लक्षणं बघतात, काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांत गोठतंय का ते पाहतात. साप मारायला जाणारा मात्र दुसरा पेशंट व्हायचा.

'दोन दातांच्या खुणा असतील तरच विषारी.' मण्यारीची खूण कित्येकदा दिसतच नाही. झालं.

काठी आपटत चालायचा मुद्दा तेवढा, नाइलाजाने, मान्य. जमिनीची थरथर सापाला कळते आणि तो सहसा बाजूला होतो. सहसा! घोणस बऱ्याचदा जागची हलत नाही, कुकरच्या शिट्टीसारखे फूत्कार टाकत बसते. तिथे आपणच मागे सरायचं.

बाबांच्या फोनमध्ये रुग्णवाहिकेचा १०८ नंबर टाकून दिलाय. चावलाच तर अंगठी-घड्याळ काढायचं, चावलेला पाय हलवायचा नाही, चालत टेकडी उतरायची नाही, हे तीनदा वदवून घेतलं. ब्लेड मुकाट्याने दिलं त्यांनी. सुतळी नाही दिली. येताना भाजीची पिशवी बांधायला लागते म्हणाले.