खुलासा: थर्मोस्टॅट काढणं हा उपाय नाही

‘जुनी सेडान घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापते? थर्मोस्टॅट काढून टाका,’ असा मेसेज ठाण्यात फिरतोय. कृपया तसं करू नका.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव (कूलंट) रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह; तो साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. तो काढला की थंड इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते. गायमुखला रांगेत तापणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर थंड राहत असेल, तर आधी रेडिएटरच्या पंख्यावर संशय घ्या. उभ्या गाडीला वारा देणारा तोच! पंख्याचा फ्यूज, रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच), मोटर तपासून घ्या. कूलंटची पातळीही पाहा, पण इंजिन थंड झाल्यावरच. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. थर्मोस्टॅट अडकलाच असेल तर नवा बसवा.